रायापूरचा मुका वर्ग

जपानची मुलं इंग्रजी शिकायला धारवाडला येतात, हे मी सांगलीत ज्याला ज्याला सांगितलं, त्याने ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. चूक त्यांची नव्हती. पहिल्यांदा फोनवर ऐकलं तेव्हा मीही तेच केलं होतं.

फोन देसाई सरांचा होता. हुबळी आणि धारवाडच्या मधे, रायापूरला, त्यांचं एक खाजगी कॉलेज आहे. तारिहाळच्या एका कारखान्याचं जपानमधल्या एका विद्यापीठाशी काही जमलं होतं. बारा विद्यार्थी येणार, तीन आठवडे रायापूरला इंग्रजी बोलायला शिकणार, आणि तोंडी परीक्षेत पास होतील ते पुढे दोन महिने तारिहाळला कारखान्यात काम शिकणार. नापास होतील ते घरी परत. शिकवायचं मी आणि परीक्षा घ्यायचीही मीच. सव्वीस वर्षं मी सांगलीत इंग्रजी शिकवतेय. वर्गातल्या खेळांची माझी जाड फाईल आहे. न बोलणाऱ्याला बोलतं करण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं मी स्वतःबद्दल समजत होते.

राहायची सोय हुबळीत होती. माझा मामेभाऊ दत्ताअण्णा याचं लॅमिंग्टन रोडवर वह्या-पुस्तकांचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर घर. मूळचे मिरजेचे, पण तीन पिढ्या हुबळीत काढल्यामुळे त्या घरातलं वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडमध्ये संपतं. वहिनीने पहिल्या संध्याकाळी ताटात तिसरी ज्वारीची रोट्टी वाढली आणि म्हणाली, "जेव की सुधाक्का, उद्यापास्नं बोलून बोलून घसा दुखणार हाय तुझा."

बोलून बोलून. ते तिचं खरंच ठरलं.

पहिला सोमवार

सकाळी चिगरी, म्हणजे हुबळी-धारवाड जलद बसने रायापूरला उतरले. वर्गात बारा जण ताठ बसलेले. मी आत येताच सगळे एकदम उभे राहिले आणि वाकले. मलाही वाकावं लागलं. मी वाकले म्हणून ते पुन्हा वाकले. यात दोन मिनिटं गेली.

पहिल्या दिवसासाठी माझा एक हुकमी खेळ असतो. प्रत्येकाला एक चौकटींचा कागद द्यायचा. चौकटींत लिहिलेलं असतं, 'दोन बहिणी असलेला कोणीतरी शोधा', 'पोहता येणारा कोणीतरी शोधा'. वर्गभर फिरायचं, विचारायचं, नावं भरायची, आणि ज्याचा कागद आधी भरेल त्याने ओरडायचं. सांगलीत हा खेळ घेतला की शेजारच्या वर्गातले सर तक्रार घेऊन येतात.

इथे काय झालं, तर मुलांनी रांग लावली. खरीखुरी रांग. एकेक जण पुढे येई, वाकून हळू आवाजात प्रश्न विचारी, उत्तर लिही, आभार मानी आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राही. मी मधे जाऊन हातवारे केले, "फिरा, फिरा! कुठेही जा!" त्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं आणि रांग थोडी वाकडी केली. पाऊण तासाने सगळ्यांचे कागद भरले. ओरडलं कोणीच नाही. ज्याचा आधी भरला होता तो कागद उलटा ठेवून बसला होता, कारण इतरांचं व्हायचं होतं.

मंगळवारी वादविवाद ठेवला. गाव चांगलं की शहर. गावाच्या बाजूने मिसाकी नावाची मुलगी बोलली. गटातली तीच जरा धीट. तिने तीन नीटस वाक्यं म्हटली. मी शहराच्या बाजूकडे वळून म्हटलं, "आता यांना उत्तर द्या." त्यांनी आपसात कुजबुज केली आणि एकाने उभं राहून जाहीर केलं, "आम्हाला पटलं."

मी खडू टेबलावर आपटला.

आणि नाओकी. शेवटच्या बाकावरचा, उंच, केस डोळ्यांवर आलेले. त्याला प्रश्न विचारला की तो छताकडे पाही. मग टेबलाकडे. ओठ हलल्यासारखे होत. बाकीचे अकरा जण माना खाली घालत. मी म्हणे, "बोल ना, चूक झाली तरी चालेल, काहीही बोल!" मग आणखी सोपा प्रश्न विचारी. मग त्याहून सोपा. शेवटी कंटाळून शेजारच्याला विचारी. पहिल्या आठवड्यात माझ्या कानांनी त्याच्याकडून ऐकलेले शब्द तीन: 'हो', 'सॉरी' आणि 'नाओकी'.

त्यात देसाई सर. माणूस मनाचा चांगला, पण त्यांना सत्काराचं व्यसन होतं. जपानी मुलं कॉलेजात आलीत म्हटल्यावर गावातल्या प्रत्येक मंडळाला, बँकेला, क्लबला त्यांचा सत्कार करायचा होता, आणि देसाई सर कुणालाच नाही म्हणत नव्हते. मी वर्गात कशीबशी एखादी जोडी बोलायला लावली की दार उघडे. "मॅडम, फक्त धा मिन्ट. थोडं सांभाळून घ्या, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडरी." मग मुलं हॉलमध्ये. शाल, हार, पेढे, टाळ्या, फोटो. दहा मिनिटांचा दीड तास. पहिल्या आठवड्यातच मुलांचा पाच वेळा सत्कार झाला. मिसाकीने मला अतिशय गंभीरपणे विचारलं, "आम्ही काय जिंकलं आहे?"

लॅमिंग्टन रोड

वर्गात बोलत नाहीत तर रस्त्यावर बोलतील, असं मला वाटलं. शुक्रवारी मी त्यांना दोघा-दोघांच्या जोड्या करून हुबळीत सोडलं. प्रत्येक जोडीकडे पाच ठिकाणांची यादी. येणाऱ्या-जाणाऱ्याला इंग्रजीत पत्ता विचारायचा, तो काय सांगतो ते लिहायचं, आणि दीड तासात दत्ताअण्णाच्या दुकानात परत यायचं. पत्ता विचारणे हा धडा जगातल्या प्रत्येक इंग्रजीच्या पुस्तकात आहे. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी हुबळी पाहिलेली नाही.

इथे पत्ता कोणी सांगतच नाही. नेऊन सोडतात. पहिल्या जोडीने एका स्कूटरवाल्याला पोस्ट कुठे आहे विचारलं. त्याने स्कूटर कडेला लावली, "बर्री, बर्री, या इकडं" म्हणत त्यांना पोस्टाच्या दारापर्यंत नेलं, आणि वाटेत चुरमुऱ्यांचं गिरमिट खायला घातलं. दुसऱ्या जोडीला एका औषधाच्या दुकानदाराने आपला माणूस बरोबर दिला. दीड तासाने बाराही जण परत आले. चुरमुरे आणि मिरची भजी खाऊन तृप्त, नाकं लाल, आणि सगळे कागद कोरे.

"एकही वाक्य नाही?" मी विचारलं.

मिसाकी म्हणाली, "त्यांनी आमचा हात धरला. वाक्य लागलं नाही."

दत्ताअण्णा गल्ल्यावर बसून हसत होता. म्हणाला, "अगं, आमच्याकडं असंच की. माणूस वाट चुकला तर त्याला काय व्याकरण सांगायचं?"

मला हसू आलं नाही. नाओकी पुस्तकांच्या कपाटापाशी उभा राहून इकडे पाहत होता आणि मला त्याचाच जास्त राग येत होता. दोन आठवड्यांनी मला त्याच्या नावापुढे आकडा लिहायचा होता, आणि लिहिण्यासारखं त्याने मला काहीही दिलं नव्हतं.

अळणावरच्या वाटेवर

दुसऱ्या शनिवारी कॉलेजच्या बसने अळणावरजवळच्या एका खेड्यात गेलो. धारवाड सोडून पश्चिमेला निघालं की काळी माती संपते, भाताची खाचरं आणि सागाची झाडं दिसायला लागतात. भात कापून झालं होतं. मुलं खिडक्यांना नाक लावून बसली होती. त्यांच्याकडेही अशीच खाचरं आहेत म्हणे. हे मला मिसाकीने वहीत चित्र काढून सांगितलं. तोंडाने नाही.

खेळ साधा होता. प्रत्येकाने एका घरी जाऊन दहा प्रश्न विचारायचे. सकाळी किती वाजता उठता, काय पिकवता, असे. दुभाषे म्हणून कॉलेजची स्थानिक मुलं बरोबर होती. नाओकीच्या वाट्याला यल्लूबाई नावाची, मराठी बोलणारी म्हातारी आली. एक खोली, पुढे सारवलेलं अंगण, आणि ती अंगणात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती.

तासाभराने मी सगळ्यांचे कागद गोळा करत फिरले. बहुतेकांनी सहा-सात उत्तरं तरी लिहिली होती. यल्लूबाईच्या अंगणात आले तर नाओकी तिच्यासमोर मांडी घालून शेंगा फोडतोय. दुभाषी पोरगी रेंज शोधत लांब आंब्याखाली गेलेली. कागद त्याच्या बुटाखाली, वाऱ्याने उडू नये म्हणून ठेवलेला. कोरा.

मी पंधरा दिवसांची वैतागलेली होते. सगळे बसकडे निघाले होते, ऐकत होते, आणि मी त्यांच्यासमोर म्हटलं, "एक तास. दहा प्रश्न. आणि तुला एकही विचारता आला नाही? शेंगा फोडायला तुला जपानहून इथे पाठवलंय का?"

तो उठला. हातांना माती आणि टरफलं. "सॉरी," तो म्हणाला. मग यल्लूबाईकडे वळला, तोंड उघडलं, मिटलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, "चल."

सोमवारी आणि मंगळवारी तो कॉलेजातल्या माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. दोन्ही वेळा मी विचारलं, "काय?" दोन्ही वेळा तो गप्प. दोन्ही वेळा माझा फोन वाजला, नाहीतर देसाई सर आले, आणि मी वळून पाहिलं तर तो गेलेला.

वहिनीचा कान

मुलांच्या विद्यापीठाला पाठवायला म्हणून मी एका तासाचं फोनवर रेकॉर्डिंग केलं होतं. त्या मंगळवारीच संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून ते ऐकत होते. वहिनी शेंगाचटणी कुटत होती. तिला इंग्रजी येत नाही. पाच-सात मिनिटं ऐकून ती थांबली.

"सुधाक्का, पोरं कुठं हायत गं ह्यात?"

"वर्गातच आहेत की."

"मग त्यांचा आवाज कुठं हाय? सगळं तूच बोलायलीस." तिने बत्ता खाली ठेवला. "विचारतीस पण तूच, आणि लगेच परत तूच बोलतीस. श्वास तर घेऊ दे की त्यास्नी."

मी चिडले. म्हटलं, तुला काय कळतं भाषा शिकवण्यातलं. ती शांतपणे म्हणाली, "शिकवण्यातलं न्हाई कळत. गप्प बसल्यालं कळतंय."

रात्रीचं जेवण मी कमीच केलं. नंतर घड्याळ लावून पुन्हा ऐकलं. प्रश्न विचारल्यानंतर मी सरासरी दोन सेकंद थांबत होते. नाओकीसाठी तीन. मला मात्र दोन आठवडे वाटत होतं की मी तासन् तास वाट बघतेय.

दुसऱ्या दिवसापासून मी तोंड बंद ठेवायचा प्रयत्न केला. प्रश्न विचारायचा आणि मनात वीसपर्यंत मोजायचं. ती शांतता मला सोसवत नव्हती. बाहेर हायवेवरून जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न ऐकू यायचे. बारा-तेराला माझी जीभ वळवळायला लागायची. पण पंधरा-सोळाच्या सुमाराला कोणीतरी बोलायचं, आणि जे बोलायचं ते तयार, विचार केलेलं असायचं. नाओकी तरीही बोलला नाही. तो आता माझ्याकडे बघतही नव्हता.

परीक्षा

तोंडी परीक्षा त्या आठवड्याच्या शेवटी, शनिवारी. एकेकाला आत बोलवायचं, त्याने चिठ्ठी उचलायची, त्या विषयावर बोलायचं. वीसपैकी आठ हवेत. अकरा जण झाले. कोणी नापास नव्हतं.

नाओकी आला. चिठ्ठी उचलली. विषय निघाला, 'या प्रवासात झालेली एक चूक'.

त्याने चिठ्ठी वाचली. छताकडे पाहिलं. टेबलाकडे पाहिलं. मी मोजायला लागले. वीस. तीस. चाळीस. पन्नासच्या पुढे त्याने श्वास घेतला, ओठ उघडले.

आणि दार उघडलं.

देसाई सर. त्यांच्यामागे संस्थेचे वयस्कर अध्यक्ष, त्यांच्यामागे शिपाई, हातात हारांचं ताट. "मॅडम, सॉरी हं, फक्त धा मिन्ट, अध्यक्षांना तीनची गाडी..."

मी उठले कधी ते आठवत नाही. "बाहेर व्हा!" मी ओरडले. मराठीत. "एक माणूस बोलायला लागलाय इथे! बाहेर व्हा सगळे!" आणि दार लोटलं. एक हार फटीत अडकला, त्यातली झेंडूची फुलं आत सांडली. बाहेर सामसूम झाली.

मला वाटलं, संपलं, आता हा काही बोलत नाही. मी खुर्चीत बसले. नाओकी जमिनीवरच्या फुलांकडे बघत होता. मग तो बोलायला लागला. इंग्रजीत, तुटक. मी त्याचं मराठीत लिहितेय.

"गावातली आजी मला विचारत होती. पुष्कळ प्रश्न. मला काही कळत नव्हतं. मी गप्प होतो. पण ती दुसऱ्या माणसाकडे गेली नाही."

थांबला. मी थांबले.

"मग मला वाटलं, ती विचारते, आई आहे का. मी फोनवर आईचा फोटो दाखवला. ती खूश झाली. मला आत नेलं. तिने भिंतीवर मुलाचा फोटो दाखवला. फोटोला हार होता."

आता मला पुढचं दिसायला लागलं आणि ऐकावंसं वाटेना.

"इथे आम्हाला रोज हार घालतात. मला वाटलं, मुलाला बक्षीस मिळालं. मी अभिनंदन म्हटलं. मी टाळ्या वाजवल्या." त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. "आजी काही बोलली नाही. बाहेर आली, मला शेंगा दिल्या. बसमध्ये मिसाकीने दुभाष्या मुलीला विचारून सांगितलं, फोटोला हार म्हणजे माणूस मेला. मला माफी मागायला जायचं होतं. बस निघाली होती. मी तुम्हाला सांगायला आलो. दोनदा. माझं वाक्य तयार झालं की तुम्ही नसायच्या."

क्रियापदांचे काळ चुकले होते. दोन ठिकाणी शब्दच नव्हता. मी चौदा लिहिले. दया म्हणून नाही. तीन आठवड्यांत त्या वर्गात एवढं कुणीच सांगितलं नव्हतं.

मग मी म्हटलं, "उद्या जाऊ या."

पुन्हा खेड्यात

देसाई सरांनी गाडी दिली नाही. माझ्याशी ते बोलतच नव्हते. अध्यक्षांना मी आधी फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, "मी पण मास्तरकी केलीय बाई. रागावलो नाही. पण आवाज फार मोठा हो तुमचा."

आम्ही दोघं धारवाडहून एसटीने निघालो. बसला गर्दी, एक फाटा चुकून पुढे उतरलो, उन्हात अडीच किलोमीटर मागे चालत आलो. माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी वाटभर कुरकुर करत होते. नाओकी माझी पिशवी घेऊन चालत होता.

यल्लूबाई घरीच होती. आम्हाला बघून उठली, गूळ-पाणी आणलं. नाओकी अंगणात उभा राहिला आणि कमरेतून वाकला. खूप खाली. तसाच राहिला. ती घाबरली. "काय झालं ह्याला? पोट दुखतंय काय?"

मी तिला सगळं सांगितलं. फोटो, हार, टाळ्या, आणि हा त्या दिवसापासून त्याच वाक्यावर अडलेला आहे, हेही.

ती आत भिंतीवरच्या फोटोकडे बघत म्हणाली, "माझा यल्लाप्पा गोव्याला बांधकामावर गेलता. तिथंच वरनं पडला. शाळंत न्हाई, गावात न्हाई, कुटं कुणी त्याचं नाव घेतल्यालं मी ऐकलं न्हाई. फोटू बघून लोकं मान खाली घालत्यात आणि जात्यात." तिने पदराने तोंड पुसलं. "माझ्या पोरासाठी टाळ्या ह्यानंच वाजवल्या बघ. त्याला सांग, माफी कशाला? मला बरं वाटलं. लई बरं वाटलं."

नाओकी सरळ उभा राहून माझ्याकडे पाहत होता. आता मी इंग्रजीत सांगायचं होतं. सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या मला एक शब्द सुचेना. मी छपराकडे पाहिलं, शेंगांच्या ढिगाकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. यल्लूबाई एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती.

त्याने मला काही विचारलं नाही, घाई केली नाही. माझी पिशवी खांद्याला लावून तो शांत उभा राहिला, माझं वाक्य तयार होईपर्यंत.